चढावर ट्रॉली ढकलायची की ओढायची? परिपत्रक दोन्हीला मनाई करते

बेसमेंटवाली | 19 सप्टेंबर 2024, रात्री 10.40

मी कोल्हापुरातल्या एका मोठ्या साखळी-दुकानात चार वर्षे काम करते. दुकानाचे नाव लिहीत नाही, कारण नोकरी टिकवायची आहे आणि हा प्रश्न त्या एकट्या दुकानाचा असेल असेही मला वाटत नाही. आमचे पार्किंग तळघरात आहे. गिऱ्हाइके सामान गाडीत भरतात आणि रिकाम्या ट्रॉल्या खांबाला टेकवून निघून जातात. त्या गोळा करायच्या, एकात एक घालून रांग करायची आणि उतारवजा रस्त्याने वर दाराशी आणायची, हे फ्लोअरवरच्या कोणाच्याही वाट्याला येणारे काम आहे. मालाच्या जाळीच्या उंच ट्रॉल्यासुद्धा त्याच चढावरून वर येतात, कारण मालाची लिफ्ट वर्षातले निम्मे दिवस बंद असते.

मागच्या महिन्यात मुख्य कार्यालयाकडून ट्रॉली हलवण्याविषयी अकरा कलमांचे इंग्रजी परिपत्रक आले. त्यातले चौथे कलम म्हणते की ट्रॉली नेहमी ढकलावी, कोणत्याही परिस्थितीत ओढू नये. सातवे कलम म्हणते की उतारावर कर्मचाऱ्याने ट्रॉलीच्या खालच्या बाजूला कधीही उभे राहू नये. आता मी ट्रॉली चढाने वर नेताना ढकलली, तर मी आपोआप खालच्या बाजूला येते आणि सातवे कलम मोडते. वरच्या बाजूला उभी राहिले, तर ओढण्यावाचून गत्यंतर नाही आणि चौथे कलम मोडते. नववे कलम एका वेळी सहाच ट्रॉल्या न्याव्यात असे सांगते, पण तळघरातल्या भिंतीवर जो जुना तक्ता आहे त्यावर दहा लिहिले आहे आणि तो कोणी काढलेला नाही. अकराव्या कलमाखाली 'वरील सर्व नियम मला समजले आहेत' असे छापून सहीसाठी जागा ठेवली आहे.

मी मॅनेजरसाहेबांना चौथ्या आणि सातव्या कलमाबद्दल विचारले, तेव्हा ते म्हणाले, "दोन्ही पाळायची." तुमच्यापैकी जे अशा दुकानांत, गोदामांत काम करतात ते नेमके काय करतात, आणि मी ही सही करावी की नाही, हे दोन प्रश्न आहेत.

तांबडा_पांढरा | 19 सप्टेंबर, रात्री 10.58

ताई, दोन्ही कलमे पाळण्याचा एकच मार्ग मला दिसतो, तो म्हणजे ट्रॉलीच्या आत बसणे. तेव्हा तुम्ही ढकलत नाही, ओढत नाही आणि खालच्या बाजूलाही नसता.

कसबा_बावड्याचा | 19 सप्टेंबर, रात्री 11.15

मी कॉलेज करून संध्याकाळच्या शिफ्टला अशाच एका दुकानात जातो. सहा ट्रॉल्यांचा नियम आमच्याकडेही आहे, पण तो ऑडिटच्या दिवशी उगवतो आणि ऑडिटर गेले की मावळतो. हिशेब सोपा आहे. रविवारी संध्याकाळी तळघरात 180 ट्रॉल्या साचलेल्या असतात. सहा-सहा नेल्या तर 30 खेपा होतात, आणि जाऊन-येऊन एका खेपेला चार मिनिटे धरली तरी दोन तास जातात. सुपरवायझर त्या कामासाठी पाऊण तास देतो. म्हणजे नियम एका हाताने सहा लिहितो आणि घड्याळ दुसऱ्या हाताने सोळा वसूल करते. मी सोळा नेतो, आणि वळणावर रांगेचे पुढचे टोक मला दिसत नाही हेही मान्य करतो.

मॅनेजर_होतो_कधी | 20 सप्टेंबर, सकाळी 8.05

मी अकरा वर्षे दुकान चालवले आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. असे नियम वाचून हसू येते हे मला ठाऊक आहे. मलाही येत असे. मग एके दिवशी माझ्या फ्लोअरवरची एक मुलगी तेलाच्या डब्यांनी भरलेली ट्रॉली ओढत नेत होती, मागे बघता बघता ती थबकली आणि ट्रॉलीची खालची कड तिच्या टाचेच्या मागच्या शिरेवर आदळली. टाके पडले, दीड महिना ती घरी होती, आणि त्यानंतरही तिला जिना उतरताना त्रास होत असे. ओढताना ट्रॉली आपल्या मागे असते, तिचा वेग आपल्याला दिसत नाही, खांदा मागे पिळलेला असतो आणि आपण थांबलो तरी ती थांबत नाही. ढकलताना अंगाचे वजन कामी येते आणि धोका वाटला तर हात सोडून बाजूला होता येते. म्हणून 'ओढू नका' हा नियम कोणी गंमत म्हणून लिहिलेला नाही.

सातव्या कलमालाही तसेच कारण आहे. चढावर भरलेली ट्रॉली मागे घसरली, तर खाली उभा असलेला माणूस तिच्या आणि भिंतीच्या मध्ये सापडतो.

माझा अंदाज असा आहे की परिपत्रक लिहिणाऱ्याने दोन वेगवेगळ्या नियमावल्या एकत्र चिकटवल्या. एक सपाट फ्लोअरवरच्या गिऱ्हाइकाच्या ट्रॉलीची होती आणि दुसरी गोदामातल्या पॅलेट ट्रकची, म्हणजे मालाच्या फळ्या उचलून नेणाऱ्या हातगाडीची. आपापल्या जागी दोन्ही नियम बरोबर आहेत. तुमच्या तळघराच्या चढावर ते समोरासमोर येतील, हे वातानुकूलित खोलीत बसलेल्या माणसाच्या लक्षात आले नाही.

बेसमेंटवाली | 20 सप्टेंबर, दुपारी 2.20

मॅनेजर_होतो_कधी, कारण समजले आणि पटलेही. पण हीच दोन वाक्ये, म्हणजे ओढले तर टाच जाते आणि खाली राहिले तर भिंतीशी चेंगरता, परिपत्रकात कुठेच नाहीत. तिथे फक्त 'करू नये' आहे. कारण माहीत असते तर कोणता नियम कुठे जास्त महत्त्वाचा आहे हे आम्ही तरी ठरवले असते.

लक्ष्मीपुरी | 20 सप्टेंबर, दुपारी 4.45

आमचे धान्याचे दुकान होते आणि दारात हातगाड्या उभ्या असत. ढकलायची की ओढायची, हा प्रश्न तेव्हाच्या हमालांना पडत नसे, कारण चढाच्या गाडीला एकटा माणूस कधी जातच नसे. घाटाकडून गावात येणाऱ्या चढाला एक गडी दांडीत पुढे असे आणि दोघे मागून पण बाजूला धरून, अगदी चाकाच्या मागे नव्हे, रेटत असत. चौथे एक पोरगे दगड घेऊन चाकामागून चालायचे. दम लागला की ते दगड चाकाखाली सरकवायचे, सगळे घाम पुसायचे आणि मग पुन्हा रेटा. त्या पोराला निम्मी मजुरी मिळे, पण त्याच्याशिवाय गाडी हलत नसे.

तुमच्या कंपनीने कलमे अकरा लिहिली आणि दगडवाले पोरगे कमी केले, असे मला यात दिसते.

तांबडा_पांढरा | 20 सप्टेंबर, सायंकाळी 5.02

काका, आता त्या पोराच्या पदाचे नाव इंग्रजीत ठेवावे लागेल, त्याला गळ्यात ओळखपत्र द्यावे लागेल आणि दगडाचे वार्षिक ऑडिट होईल.

उद्यमनगरचा | 20 सप्टेंबर, रात्री 9.30

माझे शिवाजी उद्यमनगरात छोटे वर्कशॉप आहे आणि आसपासच्या दोन-तीन दुकानांच्या ट्रॉल्यांची चाके माझ्याकडे दुरुस्तीला येतात, म्हणून थोडे यंत्राच्या बाजूने लिहितो.

पहिली गोष्ट चढाची. तळघराचा उतार 12 फुटांना 1 फूट असा धरला, तर वजनाचा बारावा भाग सतत मागे ओढत असतो. रिकामी मोठी ट्रॉली 20 किलोची धरा. सहा ट्रॉल्या म्हणजे 120 किलो, आणि मागे येणारा जोर सुमारे 10 किलोचा, जो एका माणसाला सहज पेलतो. दहा ट्रॉल्यांना तो 17 किलोच्या आसपास जातो. सोळा ट्रॉल्यांना 27 किलो होतो, आणि तो क्षणभरही सोडून चालत नाही, कारण या ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. मालाची जाळीची ट्रॉली 400 किलोची भरली, तर 33 किलोचा जोर अखंड तुमच्या मनगटावर येतो. म्हणजे सहाचा आकडा चढासाठी योग्य आहे. सपाट जागेवर मात्र त्याला काही अर्थ नाही, तिथे चांगल्या चाकांवर दहा ट्रॉल्या एका हाताने जातात. ज्याने आकडा काढला त्याने चढ डोळ्यांसमोर ठेवून काढला असेल, पण कागदावर चढ हा शब्दच लिहिला नाही.

दुसरी गोष्ट कोणी विचारलेली नाही. तुमच्या चढाच्या तोंडाशी पाण्याच्या गटारावर लोखंडी पट्टी किंवा जाळी आहे का? बहुतेक तळघरांत असते. या ट्रॉल्यांचे चाक साधारण पाच इंची. एवढ्या चाकाला एक सेंटिमीटरचा उंचवटा सावकाश चढायचा असेल, तर त्या चाकावर जेवढे वजन आहे त्याच्या जवळपास दोन-तृतीयांश जोर लागतो. 200 किलोच्या ट्रॉलीच्या पुढच्या दोन चाकांवर 100 किलो आले, तर नुसती पट्टी ओलांडायला 65 किलोचा झटका हवा. माणूस तो झटका कसा देतो? एक तर लांबून धावत आणतो, नाही तर पुढे जाऊन दोन्ही हातांनी हिसका मारून ओढतो. कमरा तिथे जातात. ढकलायचे की ओढायचे हे तुमच्या मनावर नसून त्या पट्टीवर आहे.

तिसरी गोष्ट चाकांची. दुरुस्तीला येणाऱ्या दहांतल्या आठ चाकांत बिघाड नसतोच, आसाला केस, सुतळी आणि प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळलेली असते. चिमटा आणि पाच मिनिटे एवढाच खर्च आहे.

बेसमेंटवाली | 20 सप्टेंबर, रात्री 9.52

पट्टी आहे. आजच मोजून आले, माझ्या करंगळीच्या जाडीएवढी वर आलेली आहे. तिच्याविषयी अकरा कलमांत एक अक्षर नाही.

परदेशस्थ_करवीरकर | 21 सप्टेंबर, पहाटे 3.10

थोडे इतिहासाकडे जातो, पण मुद्दा सोडत नाही. दुकानातली ट्रॉली 1937 साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा शहरात सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराने आणली. लोक तिला हात लावीनात, तेव्हा त्याने पगारी माणसे ठेवून त्यांना दुकानात ट्रॉली घेऊन फिरवले. त्या ट्रॉल्या घडीच्या होत्या, एकात एक जात नसत. मागची जाळी वर उचलून एकात एक घुसणारी ट्रॉली दुसऱ्या महायुद्धानंतर ऑर्ला वॉटसनने केली. जागा वाचली, पण 'एका वेळी किती न्यायच्या' हा तुमचा प्रश्नही तेव्हाच जन्माला आला, कारण त्याआधी रांग करताच येत नव्हती.

इथे मोठ्या दुकानांच्या मैदानात आता बॅटरीवर चालणारे यंत्र मागून रांग ढकलते आणि माणूस पुढे राहून दिशा देतो. हाताने न्यायच्या असतील तर रांगेला पट्टा बांधतात. माझा भाचा सुट्टीत हे काम करत असे. त्याच्या दुकानातही हाताने न्यायच्या ट्रॉल्यांचा आकडा ठरलेला होता आणि तोही कोणी पाळत नसे, एवढे सांगून तुमचे सांत्वन करतो.

शंकेखोर | 21 सप्टेंबर, सकाळी 9.40

सगळा दोष परिपत्रकावर टाकण्याआधी एक विचारतो. जे नियम अगदी स्पष्ट आहेत ते तरी पाळले जातात का? मी गिऱ्हाईक म्हणून तळघरात गाडी लावतो तेव्हा तुमच्यातली मुले ट्रॉलीच्या दांडीवर पाय ठेवून उतारावरून घसरगुंडी करत खाली येताना मी कित्येकदा पाहिली आहेत. त्यात कोणते कलम संदिग्ध आहे?

कसबा_बावड्याचा | 21 सप्टेंबर, सकाळी 10.01

त्यातला एक मी असू शकतो. बचाव करत नाही.

बेसमेंटवाली | 21 सप्टेंबर, दुपारी 1.30

शंकेखोर, तुमचे म्हणणे खरे आहे आणि मी त्या मुलांना ओरडतेही. पण एक पाहा. अकरांतली दोन-तीन कलमे पाळताच येत नाहीत हे एकदा कळले, की उरलेल्या आठांचीही भीती जाते. मुले म्हणतात, कसेही केले तरी नियम मोडतोच आहोत, मग मजेने मोडू. बुटांचेच घ्या. पॅलेट ट्रक हाताळणाऱ्याने पोलादी टोपीचे बूट घालावेत असे पाचवे कलम आहे. आमच्या दुकानात असा एकच जोड आहे, तो नऊ नंबरचा आहे आणि मला पाच नंबर लागतो. मी तो घालून चालले तेव्हा माझा पाय बुटातच मुरगळला. त्यानंतर तो जोड रिसिव्हिंगच्या, म्हणजे माल उतरवून घेण्याच्या जागेच्या, खिळ्याला टांगलेला असतो आणि ऑडिटर आले की ज्याचा पाय मोठा त्याला पुढे करतात.

तांबडा_पांढरा | 21 सप्टेंबर, दुपारी 1.44

कोल्हापुरात पादत्राणांचे नियम मुख्य कार्यालयाने ठरवावेत हा आपला अपमान आहे. प्रत्येकाला कर्रकर्र वाजणारी कापशी चप्पल द्या. पायाचे रक्षण होणार नाही, पण ट्रॉली येते आहे हे गिऱ्हाइकाला दोन रॅक आधी ऐकू येईल.

कायद्याचा_किडा | 21 सप्टेंबर, रात्री 8.15

सहीच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही. कामगार-प्रकरणांत थोडीफार वकिली करतो, म्हणून मांडतो. प्रत्यक्ष प्रकरण उभे राहिल्यास कागद दाखवूनच सल्ला घ्यावा.

आज, म्हणजे 2024 मध्ये, लागू असलेल्या 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार कामाच्या ओघात इजा झाली तर मालक भरपाई देण्यास बांधील असतो. पण त्याला अपवाद आहेत. कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी स्पष्टपणे घालून दिलेला नियम किंवा दिलेला हुकूम कर्मचाऱ्याने जाणूनबुजून मोडला आणि त्यामुळे इजा झाली, तर मालकाची जबाबदारी टळू शकते. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर हा अपवाद चालत नाही. आता ताईंची ओळ पुन्हा वाचा: 'वरील सर्व नियम मला समजले आहेत.' उद्या चढावर मनगट मोडले, तर ती ओळ पुढे ठेवून कंपनीचा वकील म्हणेल की नियम स्पष्ट होता, तो समजला होता आणि तरीही मोडला. तुम्ही ढकलले असेल तर सातवे कलम काढतील, ओढले असेल तर चौथे. परिपत्रक लिहिताना कोणाच्या मनात हे असेलच असे मी म्हणत नाही, पण कागद तसा वापरता येतो.

यावर दोन उतारे आहेत. पहिला असा की ज्यांचा पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत आहे आणि ज्यांची कर्मचारी राज्य विम्याची (ईएसआय) वर्गणी कापली जाते, त्यांना भरपाई मालकाकडून नव्हे तर त्या विम्याच्या महामंडळाकडून मिळते. त्या विम्याच्या, आज लागू असलेल्या 1948 च्या कायद्यात 51-ब हे कलम आहे. मालकाच्या कामासाठीच आणि त्या कामाच्या संबंधात काही करत असताना नियम किंवा हुकूम मोडला गेला, तरी तो अपघात कामाच्या ओघातलाच धरावा, असा त्याचा आशय आहे. सोळा ट्रॉल्या नेणारा मुलगा त्यात बसेल. दांडीवर उभा राहून घसरणारा बसेल की नाही, यावर मात्र मी पैज लावणार नाही. म्हणून पगाराच्या चिठ्ठीत 0.75 टक्क्याची कपात दिसते का, हे आधी पाहा. ठेकेदारामार्फत असलेल्यांनी तर दोनदा पाहावे.

दुसरा उतारा कागदालाच कागदाने उत्तर देण्याचा. सही नाकारू नका, नाकारली की वाद तुमच्या वागणुकीचा होतो. सहीवर मराठीत लिहा, 'परिपत्रक मिळाले. चढावर ट्रॉली वर नेताना कलम 4 व कलम 7 एकत्र कसे पाळावे हे लेखी कळवावे.' तारीख घाला आणि फोटो काढून ठेवा. ज्याने आधीच अर्थ विचारला आहे त्याने जाणूनबुजून नियम मोडला, असे म्हणणे कठीण जाते.

मॅनेजर_होतो_कधी | 21 सप्टेंबर, रात्री 9.00

वकीलसाहेब, सल्ला उत्तम आहे, पण व्यवहार सांगतो. अशी ओळ लिहिणारा कर्मचारी माझ्याकडे आला असता तर मी त्याला मनातून मान दिला असता आणि वरच्यांनी माझ्याकडे त्याचे नाव मागितले असते. म्हणून एकटीने लिहू नका. एकाच शिफ्टच्या आठ-दहा जणांनी तीच ओळ लिहावी. आणि मॅनेजरला शत्रू समजू नका. 'दोन्ही पाळायची' असे जो म्हणतो, त्याला बहुधा वरून तेच उत्तर मिळालेले असते.

लक्ष्मीपुरी | 22 सप्टेंबर, सकाळी 7.30

वकीलसाहेबांनी कायदा काढलाच आहे, तर आठवण देतो की महाराष्ट्रात हमालांसाठी 1969 सालीच माथाडी कायदा झाला, आणि त्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांनी उभे केलेले संघटन होते. पूर्वी 100 किलोचे पोते पाठीवर घेणारी माणसे मी पाहिली आहेत. पोते 50 किलोवर आले ते व्यापाऱ्याला दया आली म्हणून नव्हे, हमालांनी मोठे पोते उचलायचे नाकारले म्हणून. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनेही 1967 च्या शिफारशीत एका पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्याची कमाल 55 किलो धरली आहे. आता गंमत बघा. गुळाचा 30 किलोचा रवा उचलणाऱ्याच्या ओझ्याची मोजदाद होते, आणि 400 किलोची ट्रॉली चढाने रेटणारी मुलगी 'सेल्स असोसिएट' म्हणवली जाते. तिच्या पदाच्या नावात ओझेच नाही, म्हणून ते कोणी मोजत नाही.

इचलकरंजीहून | 22 सप्टेंबर, सकाळी 11.20

परिपत्रक इंग्रजीत आहे, हे बाजूला पडले. 2022 च्या दुरुस्तीनंतर लहानातल्या लहान दुकानालाही नावाची पाटी मराठीत लावावी लागते. रस्त्यावरून जाणाऱ्याला दुकानाचे नाव मराठीत वाचता यावे यासाठी कायदा आहे, आणि आतल्या माणसाचे मनगट ज्याच्यावर अवलंबून आहे तो कागद इंग्रजीत चालतो. आमच्या दुकानात एका कलमातल्या इंग्रजी शब्दाचा अर्थ सुपरवायझरने 'रिकामी ट्रॉली' असा सांगितला. मूळ अर्थ 'जिच्यापाशी कोणी नाही अशी ट्रॉली' हा होता. वर्षभर आम्ही रिकाम्या ट्रॉल्या साखळीने बांधत होतो आणि भरलेल्या तशाच वाटेत सोडत होतो.

कसबा_बावड्याचा | 22 सप्टेंबर, सकाळी 11.31

हे वाचून मी बसमध्ये एकटाच हसलो.

पुराची_आठवण | 22 सप्टेंबर, रात्री 10.15

नियम आणि निकड यांचे गणित मला 2019 च्या ऑगस्टमध्ये कळले. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि पुण्याकडून येणारे मालाचे ट्रक कित्येक दिवस अडकले. दुकानातले दूध, पाणी, बिस्किटे संपली. रस्ता खुला झाला त्या रात्री एकापाठोपाठ एक ट्रक दारात आले आणि निम्मे कर्मचारी स्वतःच्याच घरातला चिखल काढत होते. आम्ही सात जणांनी पहाटेपर्यंत माल उतरवला. त्या रात्री कोणी ढकलले, कोणी ओढले, एका ट्रॉलीला तिघांनी हात लावला, आणि मॅनेजर स्वतः लाकडी ओंडका घेऊन चढावर चाकामागे उभे होते. लक्ष्मीपुरीकाकांनी दगडवाल्या पोराचे सांगितले तेव्हा मला तेच दृश्य आठवले. त्या रात्री कोणालाही इजा झाली नाही. याचा अर्थ नियम नकोत असा मी काढत नाही, कारण दुसऱ्या दिवशी मला हात वर उचलता येत नव्हता. पण चढावर एकाच्या ऐवजी तिघे असले की चौथे आणि सातवे कलम आपोआप एकत्र नांदतात, एवढे त्या रात्री दिसले.

उद्यमनगरचा | 22 सप्टेंबर, रात्री 10.40

अगदी तेच. तांत्रिक उत्तर द्यायचे तर, एकट्याने हाताने चढवायचे ओझे एवढेच हवे की ते सुटले तरी बाजूला होता यावे. त्याहून जास्त असेल तर दोघे हवेत, दोघेही बाजूच्या दांड्यांना धरून, आणि चाकामागे अडणी असावी. त्याहूनही जास्त असेल तर लिफ्ट. म्हणजे या भांडणाचे मूळ त्या बंद लिफ्टमध्ये आहे.

बेसमेंटवाली | 2 ऑक्टोबर 2024, रात्री 11.05

उशिरा लिहिते आहे, पण काय झाले ते सांगणे भाग आहे. आम्ही नऊ जणींनी आणि चार जणांनी सहीच्या जागी तीच ओळ लिहिली. मॅनेजरसाहेबांनी ती वाचली, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "हे वर पाठवले तर मला फोन येणार." पण पाठवले. चौथ्या दिवशी विभागीय कार्यालयातून सुरक्षेचे एक अधिकारी आले. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. जाळीची ट्रॉली पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांनी भरून पट्टीपाशी उभी केली आणि म्हटले, "सर, आपण दाखवा, आम्ही तसेच करू." त्यांनी कोट काढला, ढकलली, पट्टीवर चाके अडली. दुसऱ्यांदा लांबून आणली, तरीही अडली. तिसऱ्यांदा ते पुढे गेले आणि दोन्ही हातांनी ओढू लागले. अर्ध्यात थांबले, स्वतःच्या हातांकडे पाहिले आणि हसले. आम्हीही हसलो. माणूस वाईट नव्हता.

आता एक मराठी कागद तळघरात लागला आहे. त्यावर लिहिले आहे की चढावर जाळीची ट्रॉली दोघांनी बाजूने धरून न्यावी, 150 किलोपेक्षा जास्त भरू नये, आणि रिकाम्या ट्रॉल्या चढावर सहा, सपाटीवर दहा. दहाचा जुना तक्ता उतरवला. रबराच्या दोन अडण्या आल्या. बुटांचे माप घेऊन गेले आहेत. कसबा_बावड्याचा याच्या हिशेबावर मात्र उत्तर मिळाले नाही. दोन माणसे एका ट्रॉलीला लागणार तर वेळ दुप्पट लागेल, तो कुठून आणायचा, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले की मनुष्यबळ हा त्यांच्या विभागाचा विषय नाही.

कायद्याचा_किडा | 2 ऑक्टोबर, रात्री 11.20

त्या मराठी कागदावर कोणाची सही आणि तारीख आहे का? इंग्रजी परिपत्रक रद्द केल्याचे कुठे लिहिले आहे का?

बेसमेंटवाली | 2 ऑक्टोबर, रात्री 11.26

तारीख आहे, सही नाही. परिपत्रक रद्द झालेले नाही, ते कार्यालयाच्या दाराला अजून लावलेले आहे. उद्या सकाळी जाऊन विचारते.

उद्यमनगरचा | 2 ऑक्टोबर, रात्री 11.31

आणि ती लोखंडी पट्टी?

बेसमेंटवाली | 2 ऑक्टोबर, रात्री 11.38

पट्टी इमारतीच्या मालकाची आहे, दुकानाची नाही, असे सांगण्यात आले. पत्र गेले आहे. उद्यापासून नवरात्र सुरू होते आहे. अंबाबाईच्या दर्शनाला आलेली गर्दी खरेदीला आमच्याकडे वळते, म्हणजे तळघर दहा दिवस भरलेले असेल. तोवर दोन्ही बाजूंना लाकडी फळीचा उतार करून देता येईल का, आणि त्याला किती खर्च येईल, तेवढे सांगा. आम्ही वर्गणी काढतो आहोत.

उद्यमनगरचा | 2 ऑक्टोबर, रात्री 11.45

पट्टीची लांबी आणि उंची मोजून पाठवा. फळी नको, पाण्याने फुगते. चौकटी पत्र्याचा तुकडा माझ्याकडे पडून आहे. सकाळी दुकान उघडायच्या आधी येऊन बसवून देतो, वर्गणीचे पैसे त्या मुलीच्या पाच नंबरच्या बुटांना ठेवा.

तांबडा_पांढरा | 2 ऑक्टोबर, रात्री 11.47

ती मुलगी म्हणजे ताई स्वतःच आहेत हो.

उद्यमनगरचा | 2 ऑक्टोबर, रात्री 11.49

मग बुटांचे माप बरोबर लिहून द्या, ताई. कंपनी पुन्हा नऊ नंबर पाठवेल.